माया गमरेची मोजणी

ट्रक भरलेला आहे की रिकामा, हे माया गमरेला पाठमोरी उभी असतानाही कळायचं. भरलेला ट्रक रस्त्याला धरून चालतो. त्याचे स्प्रिंगचे पाटे दबलेले असतात, खड्ड्यात गेला तरी पोटातून आल्यासारखा एकच जड आवाज करतो. रिकामा ट्रक नुसता वाजतो; मागचा फाळका खडखडतो, साखळ्या आपटतात, मागची चाकं उडतात. हे तिला कुठल्या कॉलेजात शिकवलं नव्हतं. कॉटन ग्रीनला वखारींच्या मागच्या गल्लीत पानाचंद चाळ आहे, तिथे ती जन्मली. तिचे वडील सीताराम वखारीत हमाली करायचे, कापसाच्या गाठी पाठीवर वाहायचे. सुटीच्या दिवशी ते लेकीला ओट्यावर रस्त्याकडे पाठ करून बसवायचे आणि ट्रक गेला की विचारायचे, "बोल, भरलेला की खाली?" दहापैकी दहा उत्तरं बरोबर आली की भायखळ्याच्या बाजारातून आणलेला पेरू तिच्या हातावर ठेवायचे.

सीताराम गेले त्याला वीस वर्षं होत आली. माया आता शेहेचाळीस वर्षांची. नवरा प्रफुल्लबरोबर ती नायगावला राहते. आई सुंदराबाई मात्र पानाचंद चाळीतली तळमजल्याची खोली सोडायला कधी तयार झाली नाही. "मी हितनं निघंन ती चौघांच्या खांद्यावर," असं ती सांगते आणि विषय तिथेच संपतो.

माया पोटासाठी करायची ते काम पुष्कळांना ठाऊकच नसतं. कुठे पूल, खांबांवरचा उन्नत रस्ता, नवा ट्रक तळ असं काही बांधायचं ठरलं की सरकार आधी एक सल्लागार कंपनी नेमतं. ती कंपनी नाक्यानाक्यावर माणसं उभी करते. त्या माणसांच्या हातात तक्ता असतो. पंधरा मिनिटांची एक ओळ. सहा चाकी, दहा चाकी, ट्रेलर, टेम्पो असे वेगळे रकाने. गाडी गेली की एक रेघ, चार रेघा झाल्या की पाचवी आडवी. पाळी आठ तासांची. सावली नाही, बसायला जागा नाही, बाईमाणसासाठी संडास तर नाहीच. माया सकाळी सहाला उभी राहायची ती दोन वाजेपर्यंत पाणीसुद्धा बेतानं प्यायची. येणारे-जाणारे विचारायचे, "मॅडम, निवडणुकीचं काय हाय का?" ट्रकवाले कधी शिट्टी मारायचे. एकदा एकानं खिडकीतून तिच्या पायावर पान थुंकलं, तेव्हा ती पुढच्या सिग्नलपर्यंत त्याच्या मागे धावली होती आणि त्याला खाली उतरवून स्वतःच्या रुमालानं तिच्या चपला पुसायला लावल्या होत्या. पण त्या तेवढ्या वेळातल्या गाड्या चुकल्या म्हणून रात्रभर तिला झोप लागली नाही. तिनं दुसऱ्या दिवशी त्या ओळीवर स्वतःच लिहिलं, 'सहा मिनिटं मोजणी बंद होती.' असं लिहिणारी ती एकटीच.

पंधरा वर्षं तिनं हे काम केलं. तिची एक खोड होती. रिकामी गाडी गेली की ती रेघेखाली बारीक टिंब द्यायची. तक्त्यात भरलेली-रिकामी असा रकानाच नव्हता. कंपनीला त्याचं काही पडलेलं नव्हतं. सुपरवायझर दीपक म्हणायचा, "ताई, कशाला डोक्याला ताप करून घेते? गाडी म्हणजे गाडी." माया म्हणायची, "गाडी म्हणजे गाडी कशी? ताट म्हणजे जेवण काय?"

हा दीपक एकदा अख्ख्या दिवसाचे तक्ते रिक्षात विसरला आणि वर त्यानं मोजणाऱ्यांनीच दिले नाहीत असं कंपनीत सांगितलं. तेव्हापासून माया प्रत्येक तक्त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवू लागली. दुसऱ्या पाळ्यांचेसुद्धा. फोटो काढल्याशिवाय ती कागद कोणाच्या हातात देत नसे.

गोदीच्या रस्त्यावर, कॉटन ग्रीनच्या पूर्वेला, तिनं एकाच जागेवर दोनदा मोजणी केली होती. दोन हजार एकोणीसमध्ये आणि मग दोन हजार चोवीसमध्ये. दोन्ही वेळा सात दिवस, तिन्ही पाळ्या, आणि शेवटी बेरीज तिच्याकडेच, कारण तिची बेरीज चुकत नाही हे दीपकलाही माहीत होतं. एकोणीस साली दिवसाला सरासरी तीन हजार दोनशे अवजड गाड्या आल्या होत्या. चोवीस साली दोन हजार सहाशे पंधरा.

ही घट बघून तिला नवल वाटलं नव्हतं. निम्म्या वखारींना टाळी लागलेली तिला दिसत होती. माल उतरवणारे गडी भिवंडीला गेले होते, कोणी वॉचमन झाले होते. गोदीतून बाहेर येणारे ट्रक भरलेले असायचे, परदेशी डाळ, लोखंडाच्या पत्र्याची मोठाली वेटोळी. गोदीकडे परत जाणारे बहुतेक वाजत जायचे. वडिलांच्या काळी गाठी घेऊन आलेला ट्रक कापडाचे तागे घेऊन जायचा. आता इथून पाठवायला कोणाकडे काही उरलंच नव्हतं. चोवीस साली तिनं बाकीच्या पाच जणींनाही टिंबं द्यायला लावली होती; दिवसाच्या दोन हजार सहाशे पंधरांतल्या एक हजार नव्वद गाड्यांखाली टिंब होतं. तिनं तक्ते दिले, सही केली आणि ती ते विसरून गेली.

पुढच्या वर्षी मार्चमध्ये सुंदराबाईचा फोन आला. सुंदराबाई फोन कानाला लावून ओरडते, समोरचा माणूस गोदीपलीकडे उभा असल्यासारखी. "माया, चाळीला कागद डकवलाय. सगळी रडतायत. तू ये."

माया गेली. जिन्याजवळच्या भिंतीवर चार पानी नोटीस होती. गोदी रस्त्याला लागून बारा एकरांचा ट्रक तळ आणि त्यावर चढणारा उन्नत रस्ता बांधायचा होता. त्याच्या वाटेत पानाचंद चाळ येत होती. रहिवाशांना अँटॉप हिलच्या पलीकडे तात्पुरत्या संक्रमण खोल्या मिळतील, पुढचं पुढे. हरकती असल्यास तीस दिवसांत. चाळीतले सगळे तिच्याभोवती जमले. तिच्या वडिलांबरोबर वखारीत काम केलेले लवूकाका, मालवणकडचे, ऐंशीला टेकलेले, चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "गो माया, तू शिकलेला चेडू. वाच मोठ्यान."

ती मोठ्यानं वाचू लागली. तिसऱ्या पानावर प्रकल्पाची गरज सांगितली होती. देशाची अर्थव्यवस्था वेगानं वाढत आहे. तिच्याबरोबर रस्त्यावरची मालवाहतूक त्याहून वेगानं वाढत आहे. खाली तक्ता होता. सर्वेक्षण ठिकाण क्रमांक चार, गोदी रस्ता. अवजड वाहने, दैनिक सरासरी: ४,७०२.

माया थांबली. तिनं तो आकडा पुन्हा वाचला, मग मनातल्या मनात. तक्त्याखाली बारीक अक्षरात छापलं होतं: सर्वेक्षक, माया पी. गमरे व इतर.

"काय झाला गो?" लवूकाकांनी विचारलं.

"माझं नाव आहे," ती म्हणाली. तिचा आवाज इतका बदलला होता की सुंदराबाई उठून जवळ आली. "आई, हे माझ्या नावानं लिहिलंय. तुझं घर पाडायला माझं नाव लावलंय ह्यांनी."

शेजारची शांता पटकन बोलून गेली, "म्हंजे तूच दिलंस होय लिहून?" तिच्या मनात वाईट नव्हतं, पण मायाच्या कानाखाली कोणी वाजवल्यासारखं झालं. तिनं तिथल्या तिथे मोबाइल काढला, फोटो उघडला आणि शांताच्या नाकासमोर धरला. "बघ. दोन हजार सहाशे पंधरा. माझं अक्षर, माझी सही. आता बोल."

कंपनीचं ऑफिस लोअर परळला, जुन्या गिरणीच्या आवारात उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतीत होतं. माया दुसऱ्याच दिवशी तिथे गेली. खालच्या वॉचमननं दीड तास बसवलं. दीपकनं फोन उचलला नाही. शेवटी तिनं वॉचमनला सांगितलं, "मी इथे ओरडायला लागले ना, तर विसाव्या मजल्यावर ऐकू जाईल." मग आरोही खाली आली.

आरोही कंपनीतली इंजिनियर, सव्वीस-सत्तावीसची, पुण्याची. बोलायला मऊ. तिनं मायाला वर नेऊन कॉफी मशिनजवळ बसवलं. "मायाताई, तुमचा आकडा आम्ही टाकून दिलेला नाही. तो आहे आमच्याकडे. फक्त तो थोडा असाधारण आला."

"असाधारण म्हणजे?"

"म्हणजे अपेक्षेपेक्षा कमी. बघा, अर्थव्यवस्था वाढते तेव्हा मालवाहतूक वाढते, हे सगळीकडे सिद्ध झालेलं आहे. देशाचं उत्पन्न साधारण साडेसहा-सात टक्क्यांनी वाढत असेल तर ट्रकची वाहतूक आठ टक्क्यांच्या आसपास वाढायला हवी. तुमच्या मोजणीत ती घटलेली दिसते. तेव्हा मोजणीत काही त्रुटी राहिली असावी असं धरून आकडा समायोजित करतात."

"समायोजित." मायानं तो शब्द तोंडात फिरवून बघितला. "मॅडम, पाऊस पडायला हवा होता, पडला नाही. मग पडला असं लिहिणार तुम्ही?"

"तसं नाही हो ताई. ती एक पद्धत असते."

मायानं मोबाइलवरचा कॅल्क्युलेटर उघडला. एकोणीस सालचा आकडा तिला पाठ होता. तिनं तीन हजार दोनशे टाकले आणि त्यात आठ टक्के मिळवले. मग पुन्हा आठ टक्के. पाच वर्षं, पाच वेळा. शेवटच्या वेळी बोट उचललं तेव्हा पडद्यावर चार हजार सातशे एक आणि पुढे पंच्याऐंशी आलं. वर धरलं की चार हजार सातशे दोन.

हाच आकडा नोटिशीत छापला होता. आपली मोजणी त्यांनी कमीजास्त केली असेल, इथेतिथे खाडाखोड केली असेल, असं तिला वाटलं होतं. तसं काही झालंच नव्हतं. त्यांनी तिचे तक्ते उघडलेच नव्हते. जुन्या आकड्यावर पाच वेळा आठ टक्के चढवले होते आणि खाली तिचं नाव छापलं होतं.

"मग आम्हाला उभं कशाला केलंत?" ती म्हणाली. आता तिचा आवाज खरंच वर गेला होता, आणि कॉफी घ्यायला आलेले दोघं जागीच थांबले. "सात दिवस! तीन पाळ्यांत आम्ही सहा जणी रस्त्यावर उभ्या होतो. मुतायची सोय नाही म्हणून पाणी पीत नव्हतो. हे तर तुम्हाला इथे एसीत बसून करता आलं असतं. केलंतच की!"

आरोहीचा चेहरा उतरला. "मायाताई, हळू बोला ना. मी एकटी ठरवत नाही. वरून सांगतात की वाढ दिसली पाहिजे, नाहीतर प्रकल्प बसत नाही."

"प्रकल्प बसत नाही म्हणून माझी आई उठणार?"

आरोही उठली. लिफ्टपर्यंत सोडायला आली तेव्हा ती एवढंच पुटपुटली, "त्या टिंबांचा अर्थ काय होता? मी तक्ते नंतर बघितले. कोणालाच कळलं नाही." मायानं सांगितलं. आरोही म्हणाली, "बापरे, एवढे रिकामे?" आणि लिफ्टचं दार बंद झालं.

घरी येऊन मायानं सगळं प्रफुल्लला सांगितलं. प्रफुल्ल छोटा टेम्पो चालवतो, पार्सल कंपनीचा माल दादरहून गिरगावपर्यंत घरोघर पोचवतो. जेवता जेवता तो कडवट हसला. "अगं, त्यांच्या हिशेबानं तर माझ्यासारखी प्रगती कोणाचीच नाही. आधी एका फेरीत साबणाचे खोके चार दुकानांत टाकून मी मोकळा. आता तोच साबण एकेक वडी घेऊन चाळीस घरांच्या पायऱ्या चढतो. फेऱ्या तिप्पट. माल तेवढाच. आणि माणसं तरी साबण काय जास्त लावतात? त्यांच्या कागदावर मात्र वाढ."

"हे तू येऊन बोल हरकतींच्या सुनावणीला."

"मी गेलो तर गाडी दुसऱ्याला देतील. तूच बोल. तुला आवरायला तिथे कोणी नसेल." बोलता बोलता त्यानं तिच्या ताटात आपल्यातला माशाचा तुकडा ठेवला. माया रागातच जेवली.

हरकत लिहायला चाळीजवळच्या विहारात बैठक झाली. मायानं तक्त्यांचे सगळे फोटो छापून आणले होते, एकशे अडुसष्ट पानं. बायकांनी ती जमिनीवर मांडली आणि एकेक टिंब मोजून मायाची बेरीज पुन्हा ताडून बघितली. शांता सगळ्यात जास्त वेळ बसली. मान मोडून आली तरी उठली नाही. तिच्या हिशेबात टिंबं दोन कमी भरली, म्हणून तिनं एका दिवसाचा गठ्ठा परत पहिल्यापासून मोजला आणि ती दोन टिंबं घडीत सापडली तेव्हा तिनंच टाळी वाजवली.

सुनावणी परळला एका सरकारी सभागृहात होती. मंचावर अधिकारी, त्यांच्या उजव्या हाताला सल्लागार कंपनीचे मोठे साहेब. दीपक मागच्या रांगेत मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता. मोठ्या साहेबांनी पडद्यावर एक चित्र लावलं. दोन रेषा होत्या, एक लाल, एक निळी, आणि दोघी हातात हात घालून वर चढत होत्या. "लाल रेषा देशाच्या उत्पन्नाची," साहेब म्हणाले, "आणि निळी या रस्त्यावरच्या मालवाहतुकीची. देश पुढे जातो तेव्हा ट्रक धावतो. आपण ट्रकसाठी जागा केली नाही तर देशाची वाट अडवली असं होईल."

चाळीतल्या पन्नास-साठ लोकांनी माना खाली घातल्या. देशाची वाट अडवणारे म्हटल्यावर माणूस आधी स्वतःकडेच बघतो. सुंदराबाईनं पदर डोक्यावर ओढून घेतला. ते बघितलं आणि माया उठली. तिचा नंबर अजून आला नव्हता.

"साहेब, ती निळी रेघ माझी आहे," ती म्हणाली.

"आपण कोण?"

"माया गमरे. तुमच्या तक्त्याखाली नाव आहे ना, ती मी. रस्त्यावर मी उभी होते. आणि ती रेघ मी तशी काढलेली नाही. एकोणीस साली ती जिथे होती तिथून चोवीसला खाली आलीय. तुम्ही ती वर नेऊन ठेवलीत."

अधिकाऱ्यांनी चष्म्यातून पाहिलं. "आपलं शिक्षण?"

"बारावी. आणि पंधरा वर्षं रस्ता."

मागे कोणीतरी हसलं, कोणीतरी टाळी वाजवली. मायानं फोटोंचा गठ्ठा मंचावर नेऊन ठेवला. मोठे साहेब लगेच पुढे झुकले. "सर, हे कागद कंपनीची मालमत्ता आहेत. गोपनीय आहेत. यांनी कराराचा भंग केलेला आहे. आम्हाला कायदेशीर कारवाई करावी लागेल."

माया घाबरली नाही. तिला राग आला. मग ती बोलली ते सावकाश, एकेक शब्द मोजून. "माझ्या हातच्या रेघा गोपनीय. आणि माझ्या आईची खोली, मोरी, देव्हाऱ्यातला बाबासाहेबांचा फोटो, हे सगळं नकाशात काढून तुम्ही भिंतीला चिकटवलंत, ते नाही गोपनीय. करा कारवाई. कोर्टातसुद्धा मी हेच तक्ते दाखवणार. बरं होईल, तिथे तरी कोणीतरी वाचेल."

"बाई, आवाज खाली," अधिकारी म्हणाले.

"आवाज खाली होता साहेब. पंधरा वर्षं खाली होता. तेवढ्यात तुम्ही चार हजार सातशे केलेत." तिनं गठ्ठ्यातलं वरचं पान उचललं. "ही टिंबं बघा. प्रत्येक टिंब म्हणजे रिकामी गाडी. एक हजार नव्वद गाड्या रिकाम्या. त्यांच्यात माल नाही, कोणाची मजुरी नाही. ह्यांनी त्याही देशाच्या प्रगतीत धरल्या."

अधिकारी काही मूर्ख नव्हते. ते शांतपणे म्हणाले, "रिकामा ट्रकसुद्धा रस्ता वापरतोच ना? त्यालाही जागा लागतेच."

"लागते. बरोबर आहे तुमचं," माया म्हणाली. "म्हणून मी त्याची रेघ ओढली. टिंब दिलं, पण रेघ सोडली नाही. मग तुम्हीसुद्धा दोन हजार सहाशे पंधरा लिहा. भरलेल्या नि रिकाम्या मिळून तेवढ्याच आहेत. वरच्या दोन हजार गाड्या कुठून आल्या? त्यांचा नंबर दाखवा, ड्रायव्हर दाखवा. एकाला तरी मी चहा पाजते."

सभागृहात हशा पिकला, आणि हसण्याबरोबर लोकांचा धीर परत आला. लवूकाका काठीवर भार देत उठले. "सायबानू, माका एक सांगा. पंचेचाळीस वर्सां मी थंय माल उतरवलंय. ट्रक वाढले तर माझो झील घराक कित्या बसलो हा? माल वाढलो तर हमाल कमी कसो झालो?" मुलगा बिनकामाचा घरी का बसलाय एवढं अर्धंच अधिकाऱ्यांना कळलं, पण त्यांनी ते लिहून घेतलं. मग शांता उठली, मग आणखी चौघी. मोठे साहेब घड्याळाकडे बघत होते. त्यांनी पडदा बंद केला तेव्हा एकजण ओरडला, "रेघा घेऊन कुठे चाललात?"

आदेश दीड महिन्यानं आला. मोजणी पुन्हा करावी. चाळीत पेढे वाटले. मायानं पेढा तोंडात घातला आणि आदेशाचं दुसरं पान वाचलं. फेरमोजणी त्याच कंपनीनं करायची होती. तिनं पेढ्यांचं खोकं बंद केलं.

या वेळी कंपनीनं माणसं उभी केली नाहीत. खांबावर कॅमेरा लावला. सुंदराबाई रोज संध्याकाळी जाऊन त्या कॅमेऱ्याकडे बघून यायची, चालू आहे ना म्हणून. कॅमेऱ्यानं सात दिवसांत सरासरी दोन हजार पाचशे ऐंशी गाड्या मोजल्या, मायाच्या आकड्यापेक्षाही पस्तीसनं कमी. तेव्हा कंपनीनं नव्या अहवालात लिहिलं की वाहतूक कमी आहे याचं कारण रस्ता अपुरा आहे. दबलेली मागणी मोजणीत दिसत नाही. रस्ता बांधला की ट्रक येतील आणि अर्थव्यवस्थेला चालना मिळेल. आधी ट्रक वाढले म्हणून रस्ता हवा होता. आता ट्रक वाढत नाहीत म्हणून हवा होता. मायानं तो परिच्छेद प्रफुल्लला दोनदा वाचून दाखवला आणि अहवाल भिंतीवर फेकून मारला.

तरी काहीच झालं नाही असं नाही. एवढ्या कमी गाड्यांना बारा एकरांचा तळ मंजूर करायला कोणी सही देईना. तळ सात एकरांवर आला, चढणारा रस्ता बंद पडलेल्या वखारींच्या बाजूला सरकला. पानाचंद चाळ तूर्त वाचली. अहवालाच्या भाषेत ती 'टप्पा दोन'मध्ये गेली. सुंदराबाईला टप्पा वगैरे कळत नाही. ती ओट्यावर बसून मासे साफ करते आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, माझ्या लेकीनं साहेबाचा पडदा बंद केला. माया तिला दुरुस्त करत नाही. पण टप्पा दोन हे शब्द आठवले की तिच्या हातातली भांडी आपटतात.

तिचं काम गेलं. त्या कंपनीनं काढलंच, बाकीच्यांनीही फोन बंद केले. दीपकनं निरोप धाडला, "ताई, तुझं नाव घेतलं की लोक दचकतात." ती आता दादरला एका शाळेच्या स्वयंपाकघरात खिचडी शिजवते. तिथे संडास आहे, सावली आहे. पण नाक्यावरून जाताना तिची मान अजून वळते आणि ओठ हलतात.

एक गोष्ट मात्र तिनं सोडलेली नाही. तो पहिला अहवाल सरकारी संकेतस्थळावर अजून आहे. आता दुसऱ्या पुलाचं, तिसऱ्या रस्त्याचं काम निघालं की कोणीतरी त्यातलाच आकडा उचलतं, कारण छापलेला आकडा म्हणजे पुरावा. चार हजार सातशे दोन, सर्वेक्षक माया पी. गमरे. हे नाव काढा, एवढंच तिचं मागणं आहे. आकडा तुमचा, तो ठेवा, पण त्याच्याखाली माझं नाव नको. तिनं चार अर्ज केले. तीन अर्जांना उत्तर आलं नाही. चौथ्याला आलं: 'अर्जदाराच्या नावात काही दुरुस्ती असल्यास आधार कार्डाची साक्षांकित प्रत जोडावी.'

मायानं ते पत्र ओट्यावर ठेवलं, चष्मा पुसला आणि पाचवा अर्ज लिहायला घेतला. पहिलंच वाक्य तिनं इतक्या जोरात लिहिलं की कागद फाटला. तिनं दुसरा घेतला.